वरची तार की खालची?

लंबूनं पैज लावली ती माझ्या जिवावर, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी बोलतेय, दवाखान्यातली गुडघे ठोकायची हातोडी. डोकं रबराचं, दांडा टोकदार, धंदा परक्या गुडघ्यांना टपल्या मारायचा. वर मलाच सांभाळून ठेवतात.

लंबू म्हणजे शिकाऊ डॉक्टर. त्याचा दोस्त चष्मिस म्हणाला, या बसच्या ड्रायव्हरकाकांचा कण्याचा फोटो काढायच्या मशीनवर नंबर पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी नुसत्या हातोडीनं बिघाड सांगून दाखव. लंबू म्हणाला, त्यात काय. हरला तर त्याची मिशी जाणार होती. पण इथे काकांचा पाय जात होता. घासत, ओढत कसेबसे आले होते. मेंदूकडून कण्यातून येते ती नसांची वरची तार. ती कण्यात दबली असेल तर आजच धावपळ हवी, नाहीतर जन्माची चाकाची खुर्ची. कण्यातून पायात जाते ती खालची. ती असेल तर पट्टा नि आराम. लंबूनं पैजेत वरची सांगितली.

मी गुडघ्यावर टप्पकन बसले. पाय ढिम्म. परत बसले. ढिम्म.

चष्मिस खूश. खालची तार गेली की ठोकलं तरी पाय उडत नाही, एवढं त्याचं पाठ होतं. मिशीला शेवटचा राम राम कर म्हणाला.

लंबू हटेना. खालची गेली तर पाय लुळा पडतो, पोटरी सुकते. इथे पोटरी चांगली भरलेली, आणि पाय वाकवावा तर गंजल्या कडीसारखा ताठ. त्यानं माझ्या दांड्याच्या टोकानं तळवा टाचेकडून बोटांकडे खरवडला. अंगठा खाली वळायचा सोडून वर उठला. ही तर वरच्या बिघाडाची खूण. आणि वरची गेली की गुडघा उलट जास्तच उडतो, मग हा गप्प का? माझ्या अब्रूचा प्रश्न होता, मीही हटणार नव्हते.

"काका, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा. इकडे बघू नका."

काका ओढण्यात गुंतले आणि मी टपली दिली. पाय असा उडाला की चष्मिसचा चहा त्याच्याच शर्टावर.

लंबू हसला नाही. मोठ्या डॉक्टरीणबाईंना फोन करून मशीनचा नंबर आजच लावून घेतला. मग काकांसमोर स्टूल ओढून बसला. "काका, पाय मुद्दाम आवळून धरला होतात ना?"

काकांनी पँट खाली ओढून गुडघा झाकला.

"धरला होता. ब्रेकवर ठेवला की आपोआप थडथडतो हा. तुम्हाला दिसलं असतं तर गाडी काढून घेतली असती माझ्याकडून." त्यांनी मान खाली घातली. "मागं माणसं भरलेली असतात, साहेब. ठाऊक असून चालवत होतो मी."