शुद्ध बोलण्याचं बक्षीस

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फवारणी पंपांचा एक कारखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत पाच मुली कानाला हेडफोन लावून बसतात. पंप बिघडला की शेतकरी त्यांनाच फोन करतात. वर्षा राठोड त्यांतली एक. नेरकडच्या तांड्यावरची पोरगी, यवतमाळात खोली करून राहिलेली. घरची, बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारातली वऱ्हाडी आणि कॉलेजात कमावलेली पुस्तकी मराठी, तिन्ही तिच्या जिभेवर होत्या.

चार महिन्यांपूर्वी पुण्याच्या मुख्य ऑफिसातून पियूष अभ्यंकर नावाचे नवे मॅनेजर आले. माणूस कष्टाळू, कधी आवाज चढवायचे नाहीत. आल्या आल्या त्यांनी प्रत्येक टेबलावर एक छापील कार्ड ठेवलं. फोन आला की काय म्हणायचं ते सगळं त्यावर होतं, आणि शेवटी ठळक अक्षरांत, संभाषण शुद्ध मराठीतच करावे.

वर्षानं पंधरा दिवस ते पाळलं. 'नमस्कार, मी आपल्याला काय साहाय्य करू शकते?' असं म्हटलं की पलीकडचा माणूस गारच व्हायचा. 'हो मॅडम, हो मॅडम' करत न समजताच फोन ठेवायचा, आणि तासाभरानं त्याचाच फोन परत. एका बाईनं तर बँकेतून वसुलीचा फोन आहे का, म्हणून विचारलं. फोन तिनंच लावला होता. त्या दिवशी वर्षानं कार्ड पालथं घातलं आणि ज्याची जी बोली तिच्यात बोलायला लागली. मुलींवर देखरेख करणाऱ्या रजनीताईंना हे कळत होतं. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत.

मग एका शनिवारी सगळ्या कारखान्याला हॉलमध्ये बोलावलं. महिन्याभरात पहिल्याच फोनमध्ये काम निकाली काढण्यात वर्षा पहिली आली होती, दुसऱ्या नंबरच्या दुप्पट आकडा घेऊन. पियूष सरांनी तिचं नाव पुरं घेतलं, वर्षा देवीलाल राठोड. तीन वर्षांच्या नोकरीत तिथं कुणी तिच्या बापाचं नाव उच्चारलं नव्हतं.

सरांनी तिचं एक रेकॉर्डिंग लावलं. नाशिकच्या एका विक्रेत्याशी ती बोलली होती, अगदी कार्डाबरहुकूम.

"ऐकलंत?" सर म्हणाले. "कुणी म्हणेल का, ही मुलगी इकडची आहे? हा आकडा येतो तो अशा बोलण्यामुळे."

टाळ्या पडल्या. वर्षानं समोर पाहिलं. राळेगावचे फिटर, लोहाऱ्यातल्या पॅकिंगच्या बाया, सगळी इकडचीच माणसं, आणि याच वाक्यावर टाळ्या वाजवत होती. तिच्या मनात काहीतरी तडकलं. पुढं जाऊन तिनं दोन्ही हातांनी प्रमाणपत्र घेतलं. 'शुद्ध भाषेबद्दल' असं त्यावर छापलं होतं. रजनीताई लांबून खुणावत होत्या, आभार मान अन् बस खाली.

"सर, मनापासून आभार," वर्षा म्हणाली. "मेहनत केली होती, ती तुम्ही पाहिली, याचा फार आनंद झाला. कौतुक मी घेते. पण त्याचं कारण चुकलं आहे. मंगळवारचा साडेअकराचा फोन लावता का?"

सरांना काही उमगलं नाही, पण त्यांनी तो लावला. राळेगावकडच्या कुणा नंदाबाईंचा फोन होता. मोटर आवाज करून राह्यली पण पाणीच येत नाही, म्हणून त्या रडकुंडीला आलेल्या.

"मावशी, घाबरू नोका," रेकॉर्डिंगमधली वर्षा सांगत होती. "टाकीच्या बुडाले जाळी हाय ना, ते काढून धुवा. कचरा बसला असन. मी हाय फोनवर."

मग खुडबुड, पाण्याचा फवारा, आणि नंदाबाईंचं हसू. हॉलमध्ये फिटरही हसले, पण त्या हसण्यात हेटाळणी नव्हती.

सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही नियम मोडत होतात."

"हो सर. साडेतीन महिने."

"असे किती फोन?"

"नाशिकचा सोडला तर जवळपास सगळेच. काही गोरबोलीतही आहेत." तिनं प्रमाणपत्र दोन्ही हातांनी परत पुढं केलं. "मी इकडचीच आहे, सर. म्हणून तर ती कामं झाली. यावर खरं कारण लिहून द्या, मी आनंदानं घेईन. अन् तोवर मी अशीच बोलणार."

सरांनी कागद घेतला आणि मीटिंग संपली असं सांगितलं.

बाहेर रजनीताईंनी तिला चांगलंच झापलं. गप्प राहिली असती तर काय बिघडलं असतं, आता पाचही जणींचं रेकॉर्डिंग तपासतील. वर्षा म्हणाली, तपासू द्या.

बुधवारी पियूष सर खुर्ची घेऊन तिच्याशेजारी बसले, दुसरा हेडफोन कानाला लावला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऐकत राहिले. उठताना म्हणाले, "मला अर्धं कळलं नाही. आणि पुण्यात हे कसं सांगू, तेही कळत नाही."

"मी तुम्हाला सांगितलं तसं सांगा," वर्षा म्हणाली.

पुढच्या महिन्यात नवं कार्ड आलं, त्यात शेवटची ओळ नव्हती. प्रमाणपत्र मात्र आलं नाही आणि वर्षा मागायलाही गेली नाही. रविवारी बापाचा, देवीलालचा फोन आला. साहेब खूश आहेत ना तुझ्यावर, त्यानं विचारलं. खूश होते, ती म्हणाली, आता विचारात पडलेत.