अर्धपोटी व्हॉल्व्ह

“हा कोण्या गाढवानं बसवलाय?” मल्हाररावांनी चिमट्यात धरलेला, करंट अडवायचा रेझिस्टन्स माझ्या नाकापुढे नाचवला. “इतरांपेक्षा वीसपट मोठा! व्हॉल्व्हच्या तोंडावर उशी दाबून ठेवल्यासारखं केलंय.”

“अमेरिकेतल्या गाढवानं बसवला असेल,” मी म्हटलं. “कैरी किसतेय. लांब धरा ते.”

आमच्या जयनगरच्या घराची पुढची खोली म्हणजे यांचं दुकान. एकेकाळी तिथे दारापर्यंत रेडिओ रचलेले असायचे. आता देवळांचे आणि लग्नाच्या हॉलचे जुने अ‍ॅम्प्लिफायर तेवढे येतात, तेही येईनासे झालेत. अशात प्रवीणकुमारनं गिटारचा हा अजस्र अ‍ॅम्प्लिफायर दोघांच्या मदतीनं आणून ठेवला. प्रवीणकुमार म्हणजे कापडवाल्या कृष्णाजींचा थोरला. कंप्यूटर कंपनीत नोकरी, शनिवारी मित्रांबरोबर गिटार बडवणं, आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बायको. कंपनीनं अमेरिकेला पाठवला तेव्हा हे धूड घेऊन आला. इथे ते मुकं झालं. जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हची ओळख असलेला माणूस शोधत पोरगा सगळं बेंगळुरू हिंडला आणि शेवटी स्वतःच्या बापाच्या ओळखीतच सापडला.

यांची तपासायची रीत मागून पुढे यायची. शेवटच्या स्टेजला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं की स्पीकर हुंकारतो. त्याच्या आधीच्या स्टेजला लावलं की गुरगुरतो, त्याच्याही आधीच्या स्टेजला लावलं की ओरडतो. कारण प्रत्येक स्टेज मागच्या स्टेजचं ऐकते आणि चारचौघींत सांगावं तसं वाढवून पुढे सांगते. जिथे स्पीकर गप्प, तिथे दुखणं. मी स्पीकरपाशी बसायचं आणि “हं” म्हणायचं. एवढ्या वर्षांच्या “हं”मधून मी जे शिकले ते शिकले.

दुसरी स्टेज मुकी निघाली. सोल्डर सुटलं होतं. ते पुन्हा लावलं आणि यंत्र बोलायला लागलं, पण फाटक्या आवाजात. आणि फाटका आवाज म्हणजे यांच्या घराण्याला बट्टा. जन्मभर माणसानं एकच काम केलं, कुणाचा आवाज फाटू दिला नाही. मग हे कारण शोधायला आत शिरले, आणि तिसऱ्या स्टेजला तो उशीसारखा रेझिस्टन्स सापडला. बाकीचे व्हॉल्व्ह पोटभर करंट खात होते, हा तिसरा अर्धपोटी. यांनी त्या जागी इतरांसारखा रेझिस्टन्स बसवला, आवाज बारीक ठेवून तार छेडली आणि म्हणाले, “बघ, कसा मोकळा झाला!”

बारीक आवाजात मलाही तसंच वाटलं.

दुपारी गुंडूराव आले. जे. पी. नगरच्या राममंदिराच्या कमिटीत आहेत. रामनवमीच्या संगीताला मांडवात, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, अ‍ॅम्प्लिफायरशेजारची खुर्ची दरवर्षी यांची. गाणारे बदलतात, खुर्ची बदलत नाही.

“अण्णा, नवमीचं ध्यानात आहे नव्हं?” गुंडूराव म्हणाले. “कमिटीतले नवे लोक म्हणतात, भाड्यानं नवा सेट आणू. मी म्हटलं, आणा की, पण आमचा अण्णा कान लावून बसला की शिट्टी मारायची माइकची छाती होत नाही. ते कुठल्या सेटमध्ये मिळतं?”

“शिट्टी व्हायच्या आधी बारीक किणकिण होते,” हे म्हणाले. “ती ऐकायची आणि बटण फिरवायचं. बस.”

“ती आम्हाला कुठली ऐकायला? सरी, मग ठरलं. अक्का, गुळाच्या पानकात या वर्षी आलं स्वल्प कमी घाला, गेल्या वर्षी भटजी ठसकले.”

ते गेल्यावर हे बराच वेळ गुणगुणत होते. या खुर्चीचं त्यांना काय होतं ते मला ठाऊक आहे. त्या दिवशीचा सदरा ते आठ दिवस आधी इस्त्रीला देतात.

संध्याकाळी प्रवीणकुमार गिटार घेऊन आला.

“लावू का फुल्ल, काका?”

“लाव की. घाबरतो काय?”

त्यानं बटण पूर्ण फिरवलं. तारेला हात लावायच्या आधीच त्या धुडातून शिट्टी निघाली. बारीक, उंच, दाभणासारखी. माझ्या हातातली वाटी खाली पडली. प्रवीणनं खांदे आवळले. रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

मल्हारराव हसत होते. हात छातीवर बांधून, मुलगी दाखवायला बसलेल्या बापासारखे.

“कसा? एक तरी खरखर आहे का?”

“काका, व्हिसल येतीय.”

“कसली व्हिसल?”

प्रवीणनं माझ्याकडे बघितलं. मग यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही कानांवर तळवे दाबून बसले होते आणि ते काढावेत हे मला सुचलंच नाही.

मागे एकदा कुकरच्या शिट्ट्या मोजा म्हणून सांगितलं होतं तर भाताची पेज झाली होती. दाराची घंटी वाजत राहायची, हे शेजारीच बसलेले असायचे. मी आपली म्हणायचे, नवरा म्हटला की एवढा बहिरेपणा यायचाच. बायका एकमेकींना हसत सांगतात त्यातलं एक. कर्ण्यांच्या बाजूला बसून गेलेली वर्षं माझ्या डोक्यातच आली नव्हती.

मल्हारराव पुढे झाले आणि बटण उलटं, हळूहळू फिरवायला लागले. नजर बटणावर नव्हती, माझ्या चेहऱ्यावर होती. माझ्या कपाळावरची आठी जिथे सुटली तिथे थांबले. थोडं पुढे नेलं, आठी आली. मागे आणलं, गेली. जन्मभर मीटरच्या काट्याकडे बघितलं तसं ते माझ्याकडे बघत होते.

“सगुणा,” ते म्हणाले, “इथे आहे?”

“आहे.”

“आणि इथे?”

“गेली.”

मग ते स्टुलावर बसले आणि उघड्या यंत्रात एकेका स्टेजवरून बोट फिरवत गेले. प्रवीण बिचारा “राहू दे काका, नंतर बघू” म्हणत होता.

“बसवणारा गाढव नव्हता,” शेवटी हे म्हणाले. “इतक्या स्टेजा एकीच्या डोक्यावर एक. प्रत्येकीनं पोटभर खाल्लं तर शेवटची पहिलीच्या कानात ओरडणार, पहिली ते परत वाढवून सांगणार. शिट्टी नाही तर काय होईल? तिसरीला मुद्दाम उपाशी ठेवलीय. ती अर्धा आवाज कापून टाकते, म्हणून बाकीच्या नांदतात. तुला हा आवाज असा फाटलेलाच हवा असतो काय रे?”

“हो काका. त्यासाठीच घेतला.”

“आधी सांगायचं नाही? पैसे देऊन फाडून घेतात!” ते हसले. मीही हसले. कुणीतरी हसायला हवं होतं.

जुना रेझिस्टन्स परत बसवला. हात नेहमीसारखेच चालत होते, कुठे चुकत नव्हते. तेच मला बघवेना. प्रवीणनं वाजवलं, भिंतीवरचं कॅलेंडर थरथरलं. त्या गदारोळात शिट्टी नव्हती. यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मगच त्यांनी झाकणाचे स्क्रू आवळले.

रात्री मी पानं वाढताना हे म्हणाले, “गुंडूरावांना सांग, कंबर धरलीय.”

“डॉक्टरांना दाखवू की. यंत्र मिळतं कानाचं.”

“मिळतं. त्यात पण अ‍ॅम्प्लिफायरच असतो,” ते म्हणाले. “जे आत येतच नाही ते तो काय वाढवणार? भात वाढ.”

गुंडूरावांना मी कंबर सांगितली. ते हळहळले आणि कमिटीला नवा सेट मिळाला.

नवमीला आम्ही मांडवात गेलो. इस्त्रीचा सदरा त्यांनी घातलाच. मागच्या रांगेत बसलो. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला खुर्चीच नव्हती, पेटीएवढा काळा सेट आपला आपण उभा होता. भिजल्या डाळीच्या कोसंबरीचे द्रोण फिरले, पानक फिरलं. गाणाऱ्या बाईंनी पहिला स्वर लावला आणि माइक किंचाळला.

सगळा मांडव आक्रसला. बायकांनी पदरानं कान झाकले, पुढचे म्हातारे “अय्यो!” करून बोटं घालून बसले. व्यासपीठावर पळापळ झाली.

मल्हारराव शांतपणे पानक पीत होते. त्यांनी पुढच्या रांगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हातातला पेला त्यांनी पायाशी नीट ठेवला, दोन्ही कानांत बोटं घातली आणि सगळ्यांसारखा चेहरा वाकडा केला.

शिट्टी थांबली. लोकांनी बोटं काढली. कुणीतरी हसलं, बाईंनी पुन्हा सूर धरला.

ते माझ्याकडे बघत होते, बोटं कानात तशीच. मी मान हलवली, तेव्हा काढली.