गव्हाच्या चार बाटल्या

खोटं कशाला बोलू, आठ दिवस मी चार अमेरिकन बाटल्यांचा मालक होतो. त्या आठवड्यात अख्ख्या वरसे गावात माझ्याइतका श्रीमंत कुणी नव्हता, नि माझ्याइतका तापलेलाही कुणी नव्हता.

बाटल्या आणल्या नथानियलनं. आमच्या शेजारच्या अब्राहमबाबाचा हा एकुलता एक मुलगा. ही माणसं यहुदी, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवलेली. एकेक करून त्यांची सगळी घरं इस्रायलला गेली, बाबा तेवढा उरला. बायको हन्ना आधीच वारलेली. त्यात नथा चौऱ्याऐंशी साली अमेरिकेला गेला नि दारूच्या कारखान्यात लागला. "पोरगा भट्टीवर कामाला हाय, आता काय सांगायचं लोकांना," असं म्हणून बाबानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. पोराची पत्रं यायची. ह्यानं बारा वर्षांत एकालाही उत्तर टाकलं नाय.

शहाण्णवच्या एप्रिलात नथा पहिल्यांदा घरी आला. पेणवरून एसटीनं, मांडीवर पिशवी धरून. संध्याकाळी मी अंगणात वाल पाखडत होतो, बाबाच्या ओटीवरचं सगळं दिसत होतं. नथानं चार बाटल्या ओळीनं मांडल्या नि छाती फुगवून म्हणाला, "बाबा, बाकीचे कारखानेवाले मक्याबरोबर एक तिखट धान्य घालतात. आम्ही घालतो गहू. म्हणून आमची मऊ लागते."

गहू म्हटल्याबरोबर म्हातारा ताडकन उठला.

"गहू? उद्यापासून सण, नि तू घरात गव्हाची दारू आणतोस?"

त्यांचा तो सण मला ठाऊक. आठ दिवस घरात आंबवलेलं गव्हाचं, जवाचं काही म्हणजे काही ठेवायचं नाय. बाबानं दोन दिवस खपून फडताळाचे कोपरेसुद्धा पुसून काढले होते. नथाचं तोंड पांढरंफटक पडलं. खरंच विसरला होता बिचारा.

"एवढंही राहिलं नाय तुझ्यात?" बाबा ओरडला, नि तसाच माझ्याकडे वळला. "पोपट! ह्या बाटल्या उचल. तुला दिल्या. आमच्यात लटकं देणं चालत नाय, खऱ्याच दिल्या. ढोसल्यास तरी विचारणार नाय."

मी उचलल्या. माझ्या पाठोपाठ नथा आला नि आमच्या पडवीत मटकन बसला.

"काका, सणाच्या पाचव्या दिवशी माझं विमान हाय. माझ्या हातानं बाबाला पाजणं आता होत नाय." त्यानं चौथी बाटली पुढे सरकवली. "हिचं पीप मी भरलेलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी. अशी दुसरी बाटली माझ्याकडे नाय. बारा वर्षं मी काय केलं ते त्याला एकदा कळू दे. तुम्ही सांगाल?"

"अरे, मला दारूतलं काय कळतंय?"

"कळेल. सण उद्या, आज चालतं. वाट्या आणा."

बायजानं, म्हणजे माझ्या बायकोनं, वाट्या आदळल्या नि म्हणाली, "शिका, ह्या वयात हेच शिकायचं राहिलं होतं."

नथा सांगत गेला. भट्टीतून निघते तेव्हा ही पाण्यासारखी नितळ असते. मग ती ओक नावाच्या लाकडाच्या नव्या कोऱ्या पिपात भरायची. पीप आतून जाळून कोळसा केलेलं. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते, नि येताना रंग, वास, गोडी घेऊन येते.

"म्हणजे नुसतं ठेवून द्यायचं?"

"ठेवायचं नि राखायचं."

पहिली बाटली सात वर्षांची, पुष्कळ पिपं एकत्र करून, पाणी घालून सौम्य केलेली. काकवीसारखी अलगद गेली. दुसरी त्याच पिपांतली, पाणी तेवढं कमी. त्याच वाटेनं गेली, पण घसा पेटवत. "आई शप्पथ! नि एकच माल म्हणतोस?" तिसरी दहा वर्षांची, गोदामाच्या मधल्या मजल्यावरची पिपं निवडून काढलेली. वरती पत्रा तापतो, तिथली घाईनं पिकून कडवट होते. खालच्या गारव्यात ती सुस्तावते. हे मला पटकन कळलं. एकाच शेतातला तांदूळ, माळ्यावरचा नि खालच्या कणगीतला, वर्षानं शिजवा, चव वेगळी लागते.

"नि ही चौथी?"

"एकच पीप. दुसऱ्याची मिसळ नाय, पाण्याचा थेंब नाय. बारा वर्षांत अर्धं उडून गेलं."

"उडून? चोरलं कुणी?"

"नाय हो, लाकडातून हवेत जातं."

मी तोंडात बोट घातलं. अर्धं पीप वाऱ्याला द्यायचं नि उरलेल्यासाठी बारा वर्षं थांबायचं! माझं भात चार महिन्यांत हाती येतं, तेवढ्यातसुद्धा माझा जीव खाली-वर होतो. त्या बाटलीला हात लावताना मला घाम फुटला.

चौथी फोडली नाय. चारी बाटल्या वालाच्या कणगीत पुरल्या. तिसऱ्या दिवशी खांब गावाहून बायजाचा भाऊ हैबतराव आला, तो वास काढत थेट कणगीपाशी. "दाजी, एक घोट!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घोट काय, झाकणाला हात लावलास तर ह्या घरचं पाणी बंद!" असं म्हटलं तेव्हा कुठं हलला.

पाचव्या दिवशी नथा गेला. बाबा ओटीवर उभा राहिला, हात नुसता वर केला. मला दोघांचाही राग आला.

सण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या नि चार कप घेऊन मी बाबापुढे जाऊन बसलो.

"ठेव तुझ्याकडेच," बाबा म्हणाला. "दारू ती दारू. चार चिठ्ठ्या चिकटवल्या म्हणून काय चार होतात?"

"माझ्या मालकीच्या हायत ना? मग माझी रीत. तोंड फिरवा, मी कप भरतो. कुठली कसली ते ओळखा. नायतर आत्ता हैबतरावाला बोलावतो, दुपारपर्यंत चारी रिकाम्या."

"ओळखू कसा? मी तेली माणूस."

"मग तेलासारखं ओळखा. की नाक गेलं म्हातारपणी?"

नाकाचं काढल्यावर तेली थांबतो होय! मी कप भरले नि क्रम बदलून मांडले. बाबानं एकेकातले दोन थेंब तळहातावर घेतले, हात चोळले, नाकाशी धरले, मग जिभेला लावले.

"हा नि हा एकच घाणा. ह्यात पाणी जादा." मी थक्कच झालो. मला हे समजावून द्यावं लागलं होतं, नि ह्यानं नुसता हात चोळून सांगितलं! "हा वयानं मोठा. दोन-तीन वर्षांनी."

मग उरलेला कप. हात चोळले. परत चोळले. घोट घेतला नि डोळे मिटले.

"ह्यात पाणी नाय," तो हळूच म्हणाला. "मिसळ नाय. पोपट, हे राखलं कुणी?"

"तुमच्या नथानं. कामाच्या पहिल्या दिवशी भरलं. अर्धं हवेत उडालं, उरलेलं तुमच्यासाठी घेऊन आला."

"बारा वर्षं?"

"बारा वर्षं."

बाबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाय, हाताचा वास जाईल म्हणून. "मी ह्याला भट्टीवाला म्हणत होतो रे," तो म्हणाला. मलाही रडू आवरेना, काय लपवायचं त्यात.

नथानं माझ्या कॅलेंडरवर नंबर लिहून ठेवला होता. तो महिना फाडून आम्ही नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. "तिकडे मध्यरात्र असेल बाबा," मी म्हटलं. "उठू दे," तो म्हणाला.

फोन लागला. बाबा इतका मोठ्यानं बोलला की रिक्षावाले वळून बघायला लागले.

"नथा, मी बोलतोय. बाप तुझा. चौथी ओळखली मी. कुणी न सांगता ओळखली." पलीकडून पोरगा काहीतरी बोलत होता, नि बाबा मान हलवत होता. "माफी नको मागू. सण तू विसरला नायस. मी एका पत्रात कळवला असता, तर तुला ठाऊक नसता का? पुढच्या सणाची तारीख मी कळवीन. तू ये."

फोन ठेवला. उजवी मूठ मिटूनच तो बाहेर आला. मग मला म्हणाला, "पोपट, परदेशी पाठवायची पत्रं पोस्टात मिळतात ना अजून?"

"मिळतात की."

"चल. बारा घ्यायची हायत."