निवटीला दिलेला सल्ला

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला डाव्या कोपऱ्यात तडा गेलाय आणि चार्जरची वायर जरा वाकडी धरल्याशिवाय माझ्यात वीज शिरत नाही. कोपरला, एका चौथ्या मजल्यावरच्या घरात, मी आता फ्रिजवर पडून असतो. पडून पडून जुनं आठवतं. त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते नीट सांगता येत नाही. पांढरे हातमोजे आठवतात, बस. खरं आयुष्य सुरू झालं ते ऋजुताने मला ठाण्याच्या दुकानातून घरी आणलं तेव्हा. तिच्या सासूबाईंनी, मंदाकिनीताईंनी, मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. त्यातलं कुंकू कितीतरी दिवस माझ्या स्पीकरच्या जाळीत अडकून होतं. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मग वल्लरी झाली. तिची पहिली आंघोळ, पहिला दात, सगळं मी टिपलं. ताप किती असला तर डॉक्टरकडे न्यायचं, शिंका किती आल्या तर सर्दी म्हणायची, असले प्रश्न ऋजुता मला दिवसातून दहादा विचारायची. काळजी करणं हा तिचा स्वभावच. मला ते आवडायचं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, असं वाटायचं.

वल्लरी तीन वर्षांची असताना ऋजुताला बढती मिळाली. तिच्या ऑफिसात विम्याच्या दाव्यांचे कागद तपासायचं काम चाले. तिच्या हाताखाली सहा जण आले आणि डोक्यावर प्रफुल्ल सर आले. सरांचा एकच शब्द दिवसभर माझ्यावर आदळायचा: "अपडेट?" जेवणाच्या सुट्टीत तर हमखास. ऋजुता हातातला घास तसाच धरून तो वाचायची, मान वर करायची आणि समोर जेवणाऱ्यांना विचारायची, "काय, कुठवर आलंय?" आपण काय करतोय, हे तिच्या लक्षातही यायचं नाही. मी मात्र दोन्ही ऐकत होतो.

घरी परतताना ती लिफ्ट सोडून जिन्याने यायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर बसायची आणि मला उघडायची. 'ऑफिसचं ओझं' नावाचा एक गट होता. तिथे खरी नावं सांगायची नाहीत, मनात साचलेलं लिहून टाकायचं. ऋजुताने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'जिना'. प्रफुल्ल सरांबद्दल ती चार ओळी लिहायची, खाली दहा अनोळखी लोक "अगदी, अगदी" म्हणायचे, आणि ती उठून हसऱ्या चेहऱ्याने घराची बेल वाजवायची.

पहिले काही महिने याचा खरंच उपयोग झाला. खोटं कशाला बोलू? पण दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. स्वतःचं लिहून झालं की ती इतरांचं वाचू लागली. शंभर ऑफिसांतले शंभर साहेब तिच्या डोक्यात येऊन बसले. दात आवळून आवळून तिचा जबडा दुखायला लागला. एकदा वल्लरी चित्र दाखवायला आली, तर ती खेकसली, "दोन मिनिटं गप्प बसशील का?" मंदाकिनीताईंनी कढईवरची नजर न काढता विचारलं, "लिफ्ट अजून बंदच का गं? रोज दमून येतेस."

"नाही, चालू आहे."

"मग बरंय," त्या म्हणाल्या आणि भाजी परतू लागल्या.

त्या गटात 'निवटी' नावाची एक मुलगी होती. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारणारी छोटी मासळी. ऋजुताला ते ठाऊक नव्हतं. गोड नाव आहे, एवढंच तिला वाटलं. निवटी लिहायची की रविवारी संध्याकाळपासूनच सोमवारची धास्ती वाटते, वरच्या बाईंचा आवाज आला की छाती धडधडते, आठ दिवस घास उतरत नाही. आणि 'जिना' तिला धीर द्यायची. धीर कसला, चेव आणायची. "असल्या बाईला माणूस म्हणू नये. राजीनामा लिही आणि फेक तिच्या तोंडावर." त्या वाक्याला तीनशे लोकांनी बदाम पाठवले. ऋजुता कितीतरी वेळ ते बदाम बघत राहिली.

एका शुक्रवारी ती पायरीवर टेकली ती रागानेच. सर जेवतानाही सुखाने बसू देत नाहीत, असं तिला लिहायचं होतं. पण वरच निवटीचं ताजं लिखाण होतं.

"आज माझा वाढदिवस. आईने पहाटे उठून सगळ्या टीमला पुरेल एवढी कोलंबीची खिचडी करून दिली. मी झाकण उघडलं आणि बाईंनी फोनमध्ये बघत विचारलं, त्या बेचाळीस फाईलींचं काय? मी उठून फाईली करायला गेले. परत आले तर डबा रिकामा. बाई म्हणाल्या, छान होती हं खिचडी. जिनाताई, तू म्हणतेस तेच खरं. सोमवारी राजीनामा देते. पुढचं काही सुचत नाही, पण देते."

ऋजुताने दोनदा वाढून घेतली होती ती खिचडी.

निवटी म्हणजे बाळकुमच्या कोळीवाड्यातली करिश्मा. तेवीस वर्षांची, टीममधली सगळ्यात धाकटी, घरात पहिलीच ऑफिसात जाणारी. आधी तिने 'जिना' म्हणूनच लिहिलं, "घाई करू नकोस." पुसलं. मग "कदाचित बाईंचा नाइलाज असेल" लिहिलं. तेही पुसलं. खरं सांगितलं तर करिश्मा हे सगळं सरांना दाखवेल, आपलीच नोकरी जाईल, हा विचार तिच्या मनात आल्याशिवाय राहिला नसणार. शेवटी तिने गट बंद केला आणि नंबर लावला.

"मॅडम, फाईली होतील सोमवारपर्यंत," करिश्मा फोन उचलताक्षणीच म्हणाली.

"फाईली राहू देत. करिश्मा, गटातली ती 'जिना' आहे ना, ती मी."

पलीकडे भांडी वाजत होती. कुणीतरी म्हणालं, "कोण गं?" मग दार ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुमच्या तोंडावर राजीनामा फेक, असं तुम्हीच मला सांगत होता?"

"हो."

"मग फेकू का?"

ऋजुताला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. "तुझ्या मनात असेल तर दे. पण माझ्या सांगण्यावरून नको. मी काय सल्ला देणार? तू समोर बसून जेवत नव्हतीस, ते मला दिसलं नाही."

"मला खूप त्रास होतोय, मॅडम," करिश्मा हळूच म्हणाली. "घरी सांगितलं नाहीये. आईला वाटतं, मी मजेत आहे."

"आईला आज सांग. डॉक्टरांची वेळ मी घेते, तुला चालत असेल तर सोबत येते. सुट्टी मी मंजूर करते."

"माफ केलंय असं समजू नका हं."

"नाही समजत."

सोमवारी जेवणाच्या वेळी सरांचं "अपडेट?" आलं. ऋजुताने माझ्यावर लिहिलं, "आम्ही जेवतोय. अडीच वाजता सांगते." मी ते पोचवलं. सरांना राग आला, पुढेही दोन-तीनदा आला. आभाळ काही कोसळलं नाही.

करिश्मा पंधरा दिवस सुट्टीवर होती. मनाच्या डॉक्टरांकडे ती आईला घेऊन गेली, ऋजुताला नाही. परत आली आणि दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली. ऋजुताला वाईट वाटलं, तरी तिने सही केली. ऋजुताही आता महिन्यातून एकदा त्याच डॉक्टरांकडे जाते. गट तिने सोडलेला नाही, पण लोकांना चेव आणणं सोडलं. "तुझ्या जवळचं कोण आहे? त्यांना सांगितलंस का?" एवढंच विचारते.

मित्रांनो, माझ्यावरून हजार लोकांना सांगता येतं, पण मला समोरच्याचं ताट दिसत नाही. त्यात घास तसाच पडलाय की संपलाय, ते माणसालाच बघावं लागतं. म्हणून एक विनंती. तुमच्या घरातलं मोठं माणूस माझ्यात डोकं घालून गप्प बसलं असेल, तर मला हिसकावून घेऊ नका. शेजारी जाऊन बसा आणि विचारा, आज काय झालं? आधी ते म्हणेल, काही नाही. तुम्ही लगेच उठू नका.