वाकड्या पाइनचं कडं

एका जागी गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही, हे आमच्या अख्ख्या गावाला माहीत आहे. आजोबा तर म्हणायचे, "मार्सली, तुझ्या बडबडीने खारी पार समुद्रापर्यंत पळाल्या."

तेव्हा मी सहा वर्षांची. रविवारी सकाळी आम्ही दोघं वाकड्या पाइनसमोर ओंडक्यावर बसायचो, थर्मासमधला चहा आणि जॅम लावलेला पाव घेऊन. हे जंगल आजोबांनीच तरुणपणी एकेक रोप करून लावलेलं. विरळणीच्या वेळी, म्हणजे दाटी कमी करताना, तोडायच्या झाडावर ते नारिंगी ठिपका मारायचे. खरं तर वाकडं झाड पहिलं जायला हवं. पण त्यावर खारीचं घरटं, म्हणून आजोबा दर वेळी नेमकं तेच विसरायचे.

आता तो सगळा भाग तोडणीला आला. आजोबांच्या गुडघ्यांना चढ झेपत नाही, म्हणून आधीच्या पाहणीला एल्स्पेथबरोबर मी गेले. एल्स्पेथ इथली वनअधिकारी, आजोबांच्याच हाताखाली शिकलेली.

"घरटं जुनाट दिसतंय," ती वर बघत म्हणाली. "खार राहताना दिसली तर हे झाड आणि आजूबाजूची ठेवू. नाहीतर सोमवारी मशीन येतंय. दुपारपर्यंत बसू. झेपेल तुला?"

"मी आता पंधराची आहे."

"म्हणूनच विचारतेय."

ओंडका तोच होता, फक्त शेवाळलेला. पाय बधिर झाले. सांगण्यासारख्या चाळीस गोष्टी ओठांवर आल्या, चाळीसही गिळल्या. आजोबांच्या चहाचा वास मात्र उगाच येत राहिला.

साडेअकराला ती आली. तांबूस, कानांवर झुपके, तोंडात शेवाळाचा गोळा. सरळ घरट्यात शिरली.

एल्स्पेथने रंगाचा स्प्रे माझ्या हातात दिला. आनंदाच्या भरात मी आजोबांसारखाच टपोरा ठिपका मारला.

"अगं बाई, ठिपका म्हणजे तोडायचं. ठेवायच्या झाडाला कडं."

मग त्या ठिपक्यापासूनच रंग ओढत मी खोडाभोवती पुरती फेरी मारली.

घरी आजोबा ऐकत होते. मी सांगत सांगत ठिपक्यापाशी आल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"चाळीस वर्षं त्या झाडाला मी रंग लागू दिला नाही. तू एका सकाळीत लावलास."

"पण गप्प बसले होते, आजोबा."

"किती वेळ?"

"तीन तास."

 आजोबा खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "आता बोल. पुन्हा, अगदी पहिल्यापासून."