उष्टी नळी

"इथं जरा थांबू. हे छप्पर बघण्यासारखं आहे," वना म्हणाला आणि कठड्याला पाठ टेकून त्याने छातीतली शिट्टी आतल्या आत दाबली.

एरंडोलच्या अलीकडे, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात नाल्यावर असे दोन पूल होते. गाठी वाहताना कापूस भिजू नये म्हणून कुणा जुन्या मालकाने त्यांच्यावर पत्र्याची छपरं चढवली होती. आता कापूस नाही, मालक नाही. पुलाच्या पोटात भर दुपारी संध्याकाळ साचून राहते. जळगावहून दिवसाच्या सहलीला आलेल्या प्रेमकुंवरबाई आणि त्यांची सून चेलना यांना वना ते पूल दाखवत होता. दर वीस पावलांवर त्याला काहीतरी आठवे. ही तुळई सातपुड्यातली, त्या फळीवर बैलांच्या नालांचे घाव. दम लागला की माहिती सुचायची.

दुसऱ्या पुलावर प्रेमकुंवरबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, आता काही सांगू नका. नुसते बसा."

तो बसला. गुडघ्यांनी गांजलेल्या बाईने त्याचं दुखणं ओळखलं होतं. चोरी पकडली गेल्यासारखा तो पाण्याकडे पाहत राहिला.

पुढे कोसभरावर काचेची भट्टी होती. एके काळी तिथे सहा कारागीर कंदिलाच्या काचा फुंकत. उरला होता एकटा वना. भट्टीच्या धुळ्यात राहणाऱ्या मालकाचा निरोप स्वच्छ होता: या मंडळींना लग्नासाठी दिव्यांच्या काचेच्या हंड्या हव्यात, पण हातची काच डोळ्यांदेखत फुंकलेली पाहूनच त्या काम देणार. त्या रिकाम्या हाताने परतल्या, तर आजच भट्टी विझवायची.

वनाची बायको सुनिता पहाटेपासून कोळसा ओढत होती. बावीस वर्षं तिने हेच केलं होतं. त्या भट्टीवरचा रिवाज उत्तरेकडून आलेल्या उस्तादाने घालून दिलेला: ज्याची नळी त्याचंच तोंड. उष्टी नळी दुसऱ्याने ओठांना लावली की दोघांच्याही हातची विद्या जाते. मागच्या वर्षी सुनिताने एकदा मागितली होती, तेव्हा वना दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

त्याने नळीच्या टोकावर काचेचा लाल रस उचलला, लोखंडी फळीवर लोळवला आणि फुंकर घातली. लिंबाएवढा गोळा फुगला. दुसऱ्या फुंकरीला मोसंबीएवढा. चेलना पुढे सरकली. तिसऱ्या फुंकरीला छातीने दगा दिला. गाल भरले, पण नळीत वारा गेलाच नाही. काचेचा रंग उतरू लागला, गोळा एका अंगाला ओघळला. वनाला काहीही आठवेना, सांगण्यासारखं काहीच.

सुनिता फावडं टाकून जवळ आली.

"द्या आठे."

"नळी उष्टी शे."

"इतला वरीस तुमना ताटमा उष्टं खादं. आते नळीच उष्टी का?" मग आणखी हळू, "काच थंडी व्हई ऱ्हायनी."

त्याने नळी सोडली नाही. फक्त तिचं तोंड सुनिताकडे वळवलं. एरवी दातांत धरायची तो डोक्यावरचा पदर तिने सोडून दिला आणि फुंकलं. बावीस वर्षं ती त्याच्या गालांकडेच पाहत आली होती; किती आणि कुठे थांबायचं, हे तिच्या गालांना ठाऊक होतं. वना नळी फिरवत राहिला. तिचा श्वास, त्याचे हात. हंडी फुगली, किंचित डावीकडे झुकलेली.

प्रेमकुंवरबाईंनी ती दुरूनच खालीवर न्याहाळली. "वाकडी आहे," त्या म्हणाल्या, "पण जिवंत आहे. अशाच करा."

भट्टी आज विझणार नव्हती. वनाला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त फार दिवसांची झोप आली होती.

चेलनाने मोबाइल काढला आणि काच राखेत निवायला ठेवण्याआधी कारागिराचा एक फोटो हवा, म्हणाली. सुनिता सवयीने बाजूला झाली. वनाने नळी तिच्या हातात दिली, तिला खांद्याला धरून भट्टीसमोर उभं केलं आणि फावडं उचललं.

फोटोत सुनिता आली, हंडी आली, तिच्या कपाळावरची काजळी आली. उजव्या कडेला, कोळसा ओढणाऱ्या माणसाचा कोपरापासून खालचा हात तेवढा आला.