एडवणहून येणारी एक रिंग

सकाळचे ऊन आधी पडद्याच्या कडेला आले. मग हळूहळू सरकत ते टेबलावर उतरले, पाण्याच्या पेल्यात थोडे रेंगाळले आणि शेवटी माझ्यापर्यंत पोहोचले. त्यात विशेष काही नव्हते. गावी, एडवणला नर्मदाबाईंच्या केळीवर रोज पडते, तसेच ते असावे. पण जिचे सारे आयुष्य फोनच्या पोटातल्या अंधारात गेले, त्या वस्तूला तेही नवलाचे वाटते.

मित्रांनो, मी एक जुने सिमकार्ड आहे. तारापूरच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा धीरजने मला बोईसरच्या दुकानातून घेतले. बहिणीचा निकाल, पहिल्या पगाराची बातमी, सारे माझ्यातूनच गेले. पण माझे खरे काम एकच. एडवणला चूल पेटली की त्याची आई, नर्मदाबाई, एक रिंग देई आणि धीरज ती कापून टाकी. 'मी बरी आहे.' 'कळले.' एवढाच तो संवाद. फोन उचलायचा नाही, हा नियम कधी ठरला ते मायलेकरांनाही आठवत नव्हते. नर्मदाबाईंना अक्षरओळख नव्हती. हिरवे बटण दोनदा दाबले की लेकाला रिंग जाते, एवढे त्यांना पुरे होते.

यंदा कारखान्याने धीरजला यंत्र बसवायला थायलंडला पाठवले. तिथल्या विमानतळावर उतरताच सोबतचा मनीष म्हणाला, "रोमिंगच्या भानगडीत कशाला पडतोस? पासपोर्ट दाखव आणि आठ दिवसांचं इथलंच प्रीपेड घे." काउंटरवरच्या मुलीने मला बाहेर काढून नव्या सिमच्या पाकिटावर चिकटपट्टीने चिकटवले. माझ्या जागी ते परके कार्ड बसले.

संध्याकाळी धीरज बहिणीच्या, समिधाच्या, फोनवर व्हिडिओ कॉल करी.

"अरे, तुज्या फोनात एक बाई बोलते. कोन हाय ती?"

"आई, ती कंपनीची. फोन बंद हाय म्हणून सांगते."

"मंग तिला सांग, माज्या पोराला एक रिंग तरी जाऊ दे."

"आठ दिवस नको देऊ गं रिंग."

"हात जातोच रे. चूल पेटली की जातोच."

परतीच्या आदल्या सकाळी मी हॉटेलच्या टेबलावर तसेच उन्हात पडून होते. तिकडे एडवणला समिधा मागच्या वाडीत पानवेलींना पाणी सोडत होती. चुलीपाशी नर्मदाबाईंना घेरी आली, उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताने त्यांनी हिरवे बटण दाबले. पुन्हा दाबले. ती बाई तेच तेच सांगत राहिली. वाडीतून परतलेल्या समिधाने त्यांना पालघरच्या दवाखान्यात नेले. जीव वाचला, हात वाचला नाही.

मुंबईत उतरताच धीरजने मला पुन्हा आत बसवले. हुकलेल्या कॉलचे संदेश एकामागून एक आले. सगळे आईचेच.

"सिम काढलंच नसतं तर..." तो भेटेल त्याला सांगू लागला.

"तुजं काय चुकलं?" खाटेवरून नर्मदाबाई अडखळत म्हणाल्या. "ती बाईच आडमुठी."

मित्रांनो, परदेशी जाताना तिथले सिम खुशाल घ्या. पण तुमच्यासाठी एकच बटण ओळखणारे कुणी घरी असेल, तर त्याला हाक मारायची दुसरी वाट शिकवून जा. आणि रोजची रिंगसुद्धा कधीतरी उचला.

आता चूल समिधा पेटवते. सकाळ होते, पण रिंग येत नाही. त्या परक्या सिमला दोष देत मी बरेच दिवस काढले. त्याची मुदत संपली, ते कचऱ्यात गेले; दोष द्यायला आता तेही उरले नाही. खरे एवढेच आहे, की त्या सकाळी मी फोनमध्ये असते, तरी धीरजने नेहमीप्रमाणे रिंग कापली असती. आणि लेकाला कळले, असे समजून नर्मदाबाईंनी पुन्हा बटण दाबले नसते.